प्रिटियर, ब्लॅक आणि रफ: कोड आपोआप मांडणारी अवजारं, मार्केट यार्डाच्या सॉफ्टवेअरवर वापरून

निकाल आधीच सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. जावास्क्रिप्ट आणि रिॲक्टसाठी प्रिटियर घ्या आणि त्याच्या सेटिंगला शक्यतो हात लावू नका. पायथनसाठी ब्लॅक घ्या किंवा रफ घ्या, फरक वेगाचा आहे, दिसण्याचा जवळपास नाहीच. तिन्ही फुकट, एमआयटी परवान्याखाली, त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्न उरत नाही. डोकेदुखी वाढते की कमी होते एवढंच बघायचं. कमी होते. फक्त एका जागी वाढते, आणि ती जागा नेमकी आमच्या धंद्याच्या मर्मावर आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आमचं ऑफिस सांगलीत, विश्रामबागेला. टीम छोटी. गिऱ्हाईक बहुतेक मार्केट यार्डातलं: बेदाण्याचे आणि हळदीचे अडते, व्यापारी, काही कोल्ड स्टोरेजवाले. सौद्याची नोंद, शेतकऱ्याची हिशेबपट्टी, हमाली, तोलाई, उधारी, वसुली हे सगळं आमच्याकडं. समोरचा भाग रिॲक्टमध्ये, रिपोर्ट आणि रात्री चालणारी हिशेबाची कामं पायथनमध्ये, आणि कोपऱ्यात एक जुनं पीएचपीचं प्रकरण आहे. गिऱ्हाइकाला कोडमध्ये स्पेस किती आहेत याचं सोयरसुतक नसतं. त्याला पट्टी वेळेत हवी आणि पैशाचा मेळ लागायला हवा. म्हणून 'कोड देखणा दिसतो का' हे माप मी लावलेलंच नाही. माझं माप एकच आहे: कुणी बदल करून पाठवला की डिफमध्ये (म्हणजे जुन्या आणि नव्या कोडमधला फरक दाखवणाऱ्या यादीत, गेलेली ओळ लाल, आलेली हिरवी) नेमका तो बदलच दिसतो का, की त्याच्या भोवती पसारा दिसतो?

या मापावर हाताची मांडणी सपशेल नापास होते, आणि गंमत म्हणजे जितकी ती निगुतीनं केलेली असेल तितकी जास्त नापास होते.

आमच्याकडं एक सीनियर आहेत, पन्नाशी ओलांडलेले, सी आणि फॉक्सप्रोच्या काळापासून कोड लिहिणारे. त्यांचा हात म्हणजे हात. बरोबरीची चिन्हं एकाखाली एक, शेरे एका रेषेत, कंस उघडला तिथंच खाली बंद. वाचायला सुख वाटतं. पण हमाली, तोलाई, भाडं अशी छोटी नावं रांगेत बसवलेली असतात, आणि एक दिवस तिथं कोल्ड स्टोरेजच्या भाड्यासाठी लांबलचक नाव घालायची वेळ येते. मग वरच्या-खालच्या सगळ्या ओळी सरकवाव्या लागतात. खरा बदल एका ओळीचा, डिफ अख्ख्या ठोकळ्याचा. पुढं कधीतरी तोलाईचा आकडा कुणी आणि का बदलला हे गिटला, म्हणजे कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारलं, तर तो स्पेस सरकवणाऱ्याचं नाव सांगतो. आणि ज्याला सरकवायचा कंटाळा असतो तो नवी ओळ तशीच वाकडी ठेवतो, मग रिव्ह्यूमध्ये (दुसरा माणूस कोड तपासतो तेव्हा) 'रांग मोडली' असा शेरा, त्यावर उत्तर, त्यावर प्रत्युत्तर. दुपार गेली.

अवजाराची कल्पना काही नवी नाही. युनिक्सच्या जगात सी कोड नीट लावणारा 'इंडेंट' हा प्रोग्रॅम १९७०च्या दशकातच होता. त्यानंतर बरीच वर्षं अशी अवजारं आली ती शंभर बटणांची. सी प्लस प्लसचं क्लँग-फॉरमॅट अजूनही त्याच वळणाचं आहे, त्यात एलएलव्हीएम, गूगल, मोझिला, वेबकिट अशा तयार शैली आहेत आणि वर ढीगभर पर्याय. हवा पालटली ती गो या प्रोग्रॅमिंगच्या भाषेनं. २००९ मध्ये गो लोकांसमोर आली तेव्हा गोफम्ट हे तिचं मांडणीचं अवजार तिच्यासोबतच होतं, आणि शैली निवडायची सोयच ठेवलेली नव्हती. टॅब म्हणजे टॅब. २०१७ मध्ये जेम्स लाँग यांनी प्रिटियर आणलं, २०१८ मध्ये वूकाश लांगा यांनी पायथनसाठी ब्लॅक आणलं. ब्लॅक स्वतःची ओळखच 'तडजोड न करणारं' अशी करून देतं. माझ्या मते हाच या दोघांचा खरा गुण आहे. पर्याय दिले की त्या पर्यायांवर मीटिंगा होतात, आणि भांडण कोडमधून उठून सेटिंगच्या फाईलमध्ये जाऊन बसतं.

आतून चालतं कसं ते थोडक्यात, कारण ते कळलं की तक्रारी निम्म्या होतात. अवजार तुमचा कोड वाचून त्याच्या रचनेचं झाड बनवतं. तुमच्या स्पेस, तुम्ही तोडलेल्या ओळी, हे जवळपास सगळं टाकून देतं. मग त्या झाडावरून कोड पहिल्यापासून छापतं, आणि प्रत्येक तुकड्यापाशी विचारतं की उरलेल्या रुंदीत हा मावतो का? मावला तर एका ओळीत, नाहीतर फोडून. प्रिटियरची ही रीत फिलिप वॅडलर यांच्या शोधनिबंधावरून घेतलेली आहे. 'मी एवढं छान लावलं होतं, ते यानं का बदललं?' हा प्रश्न त्यामुळंच गैरलागू आहे. त्यानं बदललं नाही, त्यानं तुमचं लावलेलं बघितलंच नाही.

रुंदी प्रिटियरमध्ये मुळात ८० अक्षरांची, ब्लॅकमध्ये ८८. हा ८० आकडा आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डापर्यंत मागं जातो, त्यावर ८० रकाने असायचे. आमच्या पोरांना हे ऐकून हसू येतं. पण यार्डात जाऊन बघा, कित्येक गाळ्यांमध्ये आजही डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरतोय आणि शेतकऱ्याची पट्टी ८० रकान्यांतच निघतेय. त्या पट्टीचा साचा आमच्या कोडमध्ये स्पेस मोजून मोजून बसवलेला मजकूर आहे. पहिल्यांदा प्रिटियर चालवताना मला धास्ती होती ती त्याचीच, की साचा विस्कटला तर यार्डातून फोन येतील. तसं काही होत नाही. अवतरणचिन्हांमधला मजकूर ही अवजारं सरकवत नाहीत, कारण तो बदलला तर प्रोग्रॅमच बदलला. ब्लॅक तर याच्या पुढं जातं: मांडणी झाल्यावर आधीच्या आणि नंतरच्या कोडचं झाड ताडून बघतं, आणि अर्थ हलला असेल तर फाईलला हात न लावता चूक दाखवून थांबतं. हिशेबाच्या कोडवर हे अवजार सोडताना मला धीर आला तो या एका गोष्टीमुळं.

मराठी लेबलांची एक बारकी तक्रार आहे, ती दुसरीकडं कुठं वाचायला मिळणार नाही म्हणून इथंच नोंदवते. आमच्या स्क्रीनवर सगळं मराठीत असतं, म्हणजे कोडमध्येही मराठी मजकूर भरपूर. प्रिटियर रुंदी मोजताना काना, मात्रा, वेलांटी, पायमोडा सगळ्यांना वेगवेगळं अक्षर धरतं. 'हिशेबपट्टी' हे डोळ्याला पाच अक्षरांचं दिसतं, त्याच्या मोजणीत ते दहा होतं. त्यामुळं मराठी लेबलवाली ओळ स्क्रीनवर अर्धी रिकामी दिसत असतानाच तुटते, आणि शेजारची इंग्रजीतली तेवढीच ओळ अखंड राहते. चुकीचं काही नाही, पण एकाच फॉर्ममधली दोन लेबलं दोन तऱ्हेनं मांडलेली दिसतात आणि नवीन माणूस विचारतो की असं का. आम्ही लेबलं वेगळ्या फाईलमध्ये काढली, ते तसंही करायचंच होतं.

आता मुख्य दुखणं.

आमच्या टेस्टमध्ये, म्हणजे हिशेब बरोबर येतो का हे तपासणाऱ्या कोडमध्ये, नमुना पट्ट्या आहेत. हिरवा बेदाणा, पिवळा, काळा, प्रत्येकाचं वजन, दर, हमाली, तोलाई, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडणारी रक्कम. प्रत्येक पट्टी एक ओळ, प्रत्येक आकडा आपल्या रकान्यात, दशांश चिन्हं एकाखाली एक. सीनियरांनी हे तक्ते लावले ते केवळ हौसेपोटी नाही. नवीन हिशेबाची पद्धत आली की गिऱ्हाइकाकडचे दिवाणजी आमच्या ऑफिसात येतात, खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसतात आणि पेन्सिलीचं टोक काचेवर फिरवत रकाना वरून खाली वाचतात. त्यांना जावास्क्रिप्ट येत नाही, पण एका रकान्यात एक आकडा एक घर सरकलेला असला तर तो त्यांना आमच्या आधी दिसतो.

या तक्त्यावर प्रिटियर चालवलं. ओळी तेवढ्या ओळी म्हणून राहिल्या, कारण रांगांच्या आत रांगा दिसल्या की ते प्रत्येक रांग वेगळ्या ओळीवर ठेवतं. पण रकान्यांमधल्या स्पेस सगळ्या एकेक झाल्या, दशांश चिन्हं कुठल्या कुठं गेली. आणि त्याहून वाईट म्हणजे १२.५० चं १२.५ झालं, १८०.०० चं १८०.० सुद्धा नाही, नुसतं १८०. दशांशानंतरची शेवटची शून्यं प्रिटियर उडवून टाकतं. संगणकाच्या दृष्टीनं तीच संख्या आहे, मान्य. पण दिवाणजींनी काचेवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, हे साडेबारा आहे का बारा रुपये पाच पैसे?" आणि सीनियर माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझा तक्ता मोडला बघा ह्यानं." दोघांचंही बरोबर होतं. पैशाचा आकडा दोन घरांत लिहायची शिस्त कुणी तरी काही तरी भोगून आणलेली असते, आणि अवजाराला ती शिस्त म्हणजे नुसता जास्तीचा भार वाटतो. बेदाणा आकारानुसार वेगळा करणाऱ्या चाळणीला मण्याचा आकार कळतो, गोडी कळत नाही, तसंच हे. ब्लॅक शून्यं उडवत नाही, हा त्याच्या बाजूनं एक गुण. रकाने मात्र तेही मोडतं.

उपाय आहे आणि तो सोपा आहे. तक्त्याच्या वर एक शेरा टाकायचा, 'प्रिटियर-इग्नोर', की त्याखालचा तुकडा ते जसाच्या तसा सोडून देतं. पायथनमध्ये तक्त्याच्या आधी 'एफएमटी ऑफ' आणि नंतर 'एफएमटी ऑन'. आमच्याकडं आता नियम असा आहे की हा शेरा फक्त वरून खाली वाचायच्या आकड्यांच्या तक्त्यावर चालेल, इतर कशावर दिसला की रिव्ह्यू परत. हा नियम नसता तर प्रत्येकानं आपल्या लाडक्या फंक्शनवर तो शेरा डकवला असता. सीनियरांचे तक्ते सीनियरच हातानं लावतात, आणि त्यात नवीन रांग घातली की डिफ मोठा होतो. तिथं मला तो चालतो, कारण तिथं अख्खा तक्ता पुन्हा एकदा वाचला गेलेलाच बरा.

बाकी कोडमध्ये मात्र डिफ खरोखर आटोपशीर होतो, आणि त्याचं श्रेय मी सगळ्यात जास्त एका स्वल्पविरामाला देईन. यादी उभी मांडली की शेवटच्या घटकानंतरही दोन्ही अवजारं स्वल्पविराम टाकतात. शाळेत असा लिहिला असता तर बाईंनी लाल पेन फिरवला असता. पण तो असल्यामुळं उद्या यादीत नवीन घटक आला की आधीच्या शेवटच्या ओळीला हात लावावा लागत नाही. एक ओळ वाढली, डिफमध्ये एक ओळ हिरवी. ब्लॅकमध्ये तर हा स्वल्पविराम तुमच्या हातातला लगाम आहे: तो शेवटी ठेवला की यादी एका ओळीत मावत असली तरी उभीच राहते. प्रिटियरमध्ये ऑब्जेक्टचा कंस उघडल्यावर पहिल्या नावाआधी तुम्ही ओळ तोडलेली असेल तर ते ती मांडणी राखतं. म्हणजे शंभर टक्के आपोआप असं काही नाहीच. थोडी सत्ता हाताकडं ठेवलेली आहे, आणि ती योग्य जागी ठेवलेली आहे असं माझं मत.

उलट बाजूही बघा. रिॲक्टमध्ये एका बटणाला चार गुणधर्म एका ओळीत मावले होते, पाचवा घातला आणि ८० ओलांडले, की पाचही जण खाली उतरतात. बदल एकाचा, डिफ सगळ्यांचा. हे प्रिटियरचं रोजचं रडगाणं आहे आणि त्याला इलाज नाही. गोफम्ट स्ट्रक्टमधल्या (माहितीच्या एकत्र बांधलेल्या गटातल्या) प्रकारांची नावं स्वतःच रकान्यात लावतं, म्हणजे तिथं आमच्या सीनियरांसारखंच वागतं आणि लांब नाव आलं की सगळा ठोकळा सरकवतं. निदान सरकवायचे कष्ट माणसाला नाहीत.

'स्पेसनं काय फरक पडतो' म्हणणाऱ्यांना मी फेब्रुवारी २०१४ मधली ॲपलची गोष्ट सांगते. सुरक्षित जोडणीत समोरच्याची सही तपासणाऱ्या सी कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा आली होती. वरच्या 'इफ'ला महिरपी कंस नव्हते, त्यामुळं पहिली ओळ अटीच्या ताब्यात होती आणि दुसरी मोकळी. पण दोन्हींचं इंडेंट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा, सारखंच, म्हणून वाचणाऱ्याला दोन्ही अटीच्या आतच वाटायच्या. ती मोकळी ओळ दर वेळी चालायची आणि सही तपासायची पायरीच टळायची. आयफोन, आयपॅड, मॅक, सगळ्यांना तातडीनं दुरुस्ती द्यावी लागली. कुठलंही फॉरमॅटर, म्हणजे असं मांडणीचं अवजार, त्या फाईलवर चाललं असतं तर दुसरी ओळ डावीकडं सरकून उघडी पडली असती. पुढं २०१६ च्या जीसीसी ६ या सी कंपायलरमध्ये अशा फसव्या इंडेंटबद्दल इशारा देण्याची सोय आली.

पण हाच भरवसा पायथनमध्ये ठेवला तर फसगत होते. तिथं इंडेंट हाच अर्थ. एकूण तोलाई जमा करणारी ओळ लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या तुकड्याच्या) आत हवी होती आणि ती बाहेर राहिली, तर ब्लॅकच्या दृष्टीनं तो वेगळा पण अगदी वैध प्रोग्रॅम आहे. ते त्याला छान कपडे घालून परत देईल. नवीन पोरांना मी हे मुद्दाम पहिल्या आठवड्यातच दाखवते, कारण टापटीप कोड दिसला की बरोबरच असणार असं वाटायला लागतं.

पोरांचा विषय निघाला म्हणून. फॉरमॅटरचा एक फायदा मला माहितीपत्रकात कुठं दिसला नाही. आमच्याकडं फाईल सेव्ह केली की ते आपोआप चालतं. तासगावहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी आहे, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. ती एकदा म्हणाली, "मॅडम, सेव्ह केल्यावर काहीच हलेना झालंय." मी लांबूनच म्हटलं, "कुठंतरी कंस राहिलाय बघ." राहिलाच होता. झाड बनवता आलं नाही की अवजार फाईलला हात लावत नाही, त्यामुळं सेव्ह केल्यावर कोड जागच्या जागी गप्प बसला की समजायचं काहीतरी तुटलंय. आता ती चुकीचा संदेश वाचायच्या आधीच यावरून ओळखते.

लावायचं कसं याबद्दल एवढंच की एकदम लावा. थोडं थोडं, हात लागेल ती फाईल, असं केलं तर कित्येक महिने प्रत्येक डिफमध्ये मांडणी आणि खरा बदल यांची खिचडी मिळते. कुणाचीही ब्रँच (कोडची कामासाठी वेगळी काढलेली प्रत) अर्धवट लटकलेली नाही अशी वेळ बघा. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत यार्डातले सौदे बंद असतात तो मोका साधला. अख्ख्या कोडवर अवजार चालवून एकच कमिट (गिटमधली बदलाची नोंद) करा, त्यात दुसरा एकही बदल नको. मग त्या कमिटचा क्रमांक एका फाईलमध्ये लिहून ठेवा आणि गिटला सांगा की कुणी काय लिहिलं हे शोधताना हे कमिट धरू नकोस. ही सोय ऑगस्ट २०१९ च्या गिट २.२३ पासून आहे, आणि बऱ्याच जणांना ती ठाऊकच नसते. जँगोसारख्या पायथनमधल्या जुन्या, अवाढव्य प्रकल्पानं फेब्रुवारी २०२२ मध्ये सगळा कोड ब्लॅकमधून काढला तो याच रीतीनं. 'इतिहास पुसला जाईल' ही सीनियरांची भीती या फाईलनं गेली. त्यांनी स्वतः तोलाईच्या ओळीवर चालवून बघितलं, तिथं त्यांचंच जुनं नाव आलं, मग मान डोलावली.

विंडोज वापरणाऱ्यांनी ओळीच्या शेवटाकडं, म्हणजे ओळ संपल्याच्या न दिसणाऱ्या खुणेकडं, लक्ष ठेवावं. मार्च २०२० च्या प्रिटियर २.० पासून ओळीचा शेवट युनिक्सच्या पद्धतीनं धरला जातो, आणि गिट विंडोजवर फायली उतरवताना तो अनेकदा विंडोजच्या पद्धतीचा करून देतो. मग अख्खी फाईल लाल, अख्खी फाईल हिरवी, आणि डोळे फाडून बघितलं तरी फरक दिसत नाही. आम्ही एक मोबाइल ॲप बाहेरच्या एका कंपनीकडून करून घेत होतो, नाव घेत नाही. त्यांच्याकडून प्रत्येक खेपेला कोड असाच यायचा, वर त्यांच्या एडिटरची स्वतःची वेगळी मांडणी. दोन आकड्यांचा बदल शोधायला आमचा एक माणूस अर्धा दिवस बसायचा. कितीदा सांगितलं, 'हो हो' म्हणायचे. शेवटी सर्व्हरवरच तपासणी बसवली: मांडणी जुळत नसेल तर कोड आत येणार नाही. कुणाशी वाद नाही, कुणावर आवाज चढवणं नाही. पुढच्या खेपेपासून नीट यायला लागला. अवजार नुसतं एडिटरमध्ये बसवलं तर ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहतं, ते दारावरच बसवायला हवं, एवढं या प्रकरणातून घ्या.

आवृत्ती मात्र सगळ्यांची एकच बांधून ठेवा, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. प्रिटियर ३.० जुलै २०२३ मध्ये आलं तेव्हा शेवटच्या स्वल्पविरामाचा मूळ नियम बदलला आणि तो फंक्शनच्या कंसांतही पडायला लागला. एकाकडं जुनी, एकाकडं नवी आवृत्ती असेल तर दोघांचे एडिटर एकमेकांचे स्वल्पविराम काढत-घालत बसतात. ब्लॅकचं धोरण इथं जास्त समंजस आहे: शैलीतले बदल वर्षातून एकदाच, जानेवारीच्या आवृत्तीत.

रफबद्दल वेगळं फार सांगण्यासारखं नाही, आणि ही त्याची स्तुतीच आहे. रस्ट या भाषेत लिहिलेलं आहे, फॉरमॅटर २०२३ मध्ये आलं, आणि जँगोसारख्या प्रकल्पांवर ब्लॅकशी ९९.९ टक्क्यांहून जास्त ओळी जुळतात असा त्यांचा दावा आहे. आमच्या रिपोर्टच्या कोडवर ब्लॅकवरून रफवर गेलो तेव्हा डिफ इतका किरकोळ होता की चहा यायच्या आत वाचून झाला. जुन्या आय-थ्री मशीनवर ब्लॅक चालताना कळायचं की काहीतरी चाललंय, रफ कधी चाललं ते कळत नाही. प्रिटियर मात्र त्याच मशीनवर मोठ्या फाईलला सेव्ह करताना अडखळतं. त्याला बायोम नावाचा रस्टमधलाच पर्याय आहे आणि तो वेगवान आहे, पण आमचं सगळं बस्तान प्रिटियरवर बसलेलं असताना नुसत्या वेगासाठी मी ते हलवणार नाही.

सगळ्यात कुरूप काम प्रिटियर एचटीएमएलमध्ये करतं. तिथं दोन टॅगमधली स्पेस पानावर दिसते, त्यामुळं ते स्पेस वाढूही देत नाही आणि कमीही होऊ देत नाही. मग ओळ तोडायला जागा कुठं, तर टॅगच्या पोटात. बंद करणारं चिन्ह एकटंच पुढच्या ओळीवर जाऊन बसतं. कारण समजलं तरी डोळ्याला ते खुपायचं थांबत नाही.

आणि म्हणूनच ते पीएचपीचं जुनं प्रकरण मी अजून बाहेर ठेवलंय. त्यात पानाचं एचटीएमएल, हिशेब आणि डेटाबेसचे प्रश्न एकाच फाईलमध्ये कालवलेले आहेत, आणि टेस्ट एकही नाही. लाराव्हेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कवाल्यांचं पिंट नावाचं फॉरमॅटर आहे, शुद्ध पीएचपीच्या फायलींवर ते चांगलं चालतं, आमच्या नव्या भागात वापरतोही. पण या कालवणावर कुठलंही फॉरमॅटर सोडलं तर छापील पावतीत एखादी स्पेस इकडची तिकडं झाली हे आम्हाला यार्डातून फोन आल्यावर कळणार. आधी टेस्ट लिहून घेणार आहोत, सीनियर आणि तासगावची मुलगी मिळून. नमुना पट्ट्यांचे तक्ते ते हातानंच लावतायत, दोन घरं दशांशाची, शून्यासकट.